घरून रंग लावून यायचं नाही

पावडरताईला खऱ्या नावानं हाक मारणारं माणूस आता बहुतेक बँकेतच उरलं होतं. बाकी सगळ्यांना ती पावडरताई. बातम्यांच्या चॅनेलच्या तळघरात तिची मेकअपची खोली होती. भिंतभर आरसा, त्याच्या चौकटीला बल्ब, दोन उंच खुर्च्या आणि स्पंज, ब्रश, डब्या यांचा असा पसारा की नवख्याची मतीच गुंग व्हावी. पावडरताईनं मात्र डोळे मिटून हात घातला तरी नेमकी हवी तीच डबी हाताला लागायची. घरी भांडून आलेला असो, तापानं फणफणलेला असो, तिच्या खुर्चीत बसला की टवटवीत होऊन उठणार. "मेलेल्यालाही बातम्या वाचायला बसवीन मी," असं ती म्हणायची, आणि तिचा हात चालताना बघितला की ते खोटं वाटायचं नाही.

खोलीला खिडकी नव्हती, आणि म्हणूनच ती खोली पावडरताईनं भांडून मिळवली होती. उन्हाशी तिचं हाडवैर. ऐन उमेदीत तिला ल्युपस झाला. म्हणजे रोगाशी लढायला शरीरानं जी फौज पाळलेली असते, ती आपल्याच माणसांवर उलटते. आज सांधे धरले, उद्या मूत्रपिंड, परवा कातडी. उन्हात दोन पावलं गेलं की नाकाच्या दोन्ही बाजूंना गालांवर लालभडक चट्टे. दुसरी एखादी खचली असती. पावडरताईनं त्या दुखण्याचं नाव ठेवलं भाडेकरू. "भाडं देत नाही, घर सोडत नाही, वर भिंती ठोकतो मेला. पण त्याची चाल मला पाठ आहे. तो खोकला तरी मला कळतं काय मागतोय ते."

आणि खरंच पाठ होती, उगाच कशाला नाही म्हणा! सकाळी बोटं आखडली की ती आदल्या दिवशीचा प्रवास आठवायची, तोंड आलं की जागरण आठवायची, आणि स्वतःची समजूत स्वतःच घालून कामाला लागायची. घरी नवरा होता, लिफ्ट दुरुस्त करणारा. स्वभावानं गरीब, बोलण्यात त्याहून गरीब. आणि सासूबाई होत्या, त्यांनी मुलाच्या वाटणीचंही बोलायचं कंत्राट घेतलेलं.

दर काही महिन्यांनी पावडरताई डॉक्टरीणबाईंकडे तपासायला जायची. डॉक्टरीणबाई म्हणजे पांढरे केस, कडक इस्त्री आणि त्याहून कडक जीभ. पण पावडरताईवर त्यांचा फार जीव. बाहेर एखादी नवी पेशंट रडवेलं तोंड करून बसलेली असली की त्या पावडरताईला दारात थांबवायच्या. "हिच्याकडे बघा. इतकी वर्षं ल्युपस आहे हिला. दिसतोय का कुठं? माझी शहाणी पेशंट आहे ही." पावडरताईच्या अंगावर मूठभर मांस चढायचं. घरी येऊन ती सासूबाईंना ते वाक्य ऐकवायची, आणि सासूबाई म्हणायच्या, "अति शहाणा त्याचा बैल रिकामा."

सासूबाई चेष्टेत म्हणायच्या, पण त्यात तथ्य होतं. शहाण्या पेशंटचं एक गुपित होतं. स्टेरॉइडच्या गोळ्यांचा डोस डॉक्टरीणबाई कधी वाढवायच्या, कधी उतरवायच्या. उतरवला की गोळ्या उरायच्या. त्या उरलेल्या गोळ्या पावडरताईनं पावडरच्या एका रिकाम्या डब्यात जमवल्या होत्या. तपासणीची तारीख जवळ आली की चार दिवस आधीपासून ती रोज त्यातल्या जास्तीच्या घ्यायची. सांधे कसे तेल घातल्यासारखे हलायचे. आणि त्या दिवशी सकाळी आरशासमोर बसून आपली सगळी कला पणाला लावायची. लालीवर हिरवट लेप, त्यावर कातडीच्या रंगाचा, त्यावर बोटानं थोपटून थोपटून असा काही हात की मेकअप केलाय हेच कळू नये. डॉक्टरीणबाईंच्या नाकावरच्या जाड चष्म्यालाही ते कधी कळलं नाही.

का करायची असं? अगदी सुरुवातीला एकदा तिनं दुसऱ्या एका डॉक्टरला खरं खरं सगळं सांगितलं होतं. त्यानं उचलून दवाखान्यात भरती केलं, आणि ती परत येईस्तोवर हातातली नोकरी दुसरीनं पटकावली. तेव्हापासून तिनं कानाला खडा लावला. डॉक्टरकडे आजारी दिसून जायचं नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची! यात कुणाचं काही बिघडत नाही अशी तिची खात्री होती, आणि बरीच वर्षं तसं काही बिघडलंही नाही.

मग ती गाठ आली.

डाव्या बाजूला, गळ्याच्या हाडाच्या वर. अंघोळ करताना हाताला लागली. दुखत नव्हती, खुपत नव्हती, नुसती बसली होती. पावडरताईनं दाबून पाहिली आणि साबण धुऊन टाकला. ल्युपसमध्ये गाठी येतात, जातात, हे तिला नवीन नव्हतं. थोडा ताप यायचा, तो भाडेकरूचा. पहाटे उशी घामानं ओली व्हायची, तीही त्याचीच करणी. अंगाला खाज सुटायची, कपडे सैल व्हायला लागले होते. सगळी बिलं तिनं त्या एकाच्याच नावावर फाडली. डब्यातल्या गोळ्या घेतल्या, गाठ बसली. "बघा, ओळखते की नाही मी याला?" ती आरशातल्या स्वतःला म्हणाली.

काही आठवड्यांनी गाठ परत आली, पहिलीपेक्षा मोठी. पुन्हा गोळ्या. पुन्हा गायब.

हे असंच चाललं असतं, पण मध्येच सासूबाईंचे मोतीबिंदू निघाले. इतकी वर्षं धुक्यात वावरलेली बाई एकदम लख्ख उजेडात आली, आणि घरातल्या सगळ्यांची झोप उडाली. कोपऱ्यातली जळमटं दिसली, भांड्यांवरचे डाग दिसले, मुलाच्या डोक्यावरचं टक्कल दिसलं. "हे कधी झालं? मला कुणी सांगितलं नाही!" असं म्हणून त्या दिवसभर हळहळल्या. आणि एका सकाळी सून केस विंचरत असताना त्यांना तिची मान दिसली.

"अगं, ते काय आहे?"

"कुठं काय, आई?"

"मानेला. डावीकडे. अंड्याएवढं दिसतंय."

"भाडेकरू आहे. जाईल आपोआप."

"डॉक्टरीणबाईंना दाखवलंस?"

"दाखवीन की. पुढच्याच आठवड्यात जायचंय."

"मी येते."

"तुम्ही कशाला?"

"डोळे नवीन आहेत. जरा वापरू दे," असं म्हणून सासूबाईंनी विषय संपवला. त्यांनी एकदा संपवलेला विषय पुन्हा सुरू करायची त्या घरात कुणाची टाप नव्हती.

तर त्या आल्या. चांगली साडी नेसून, पर्स काखेला मारून, डॉक्टरीणबाईंच्या समोरच्या खुर्चीत ताठ बसल्या. आणि डॉक्टरीणबाईंनी काही विचारायच्या आत म्हणाल्या, "हिच्या मानेला गाठ आहे. मोठी. ती सांगणार नाही, म्हणून मी सांगते."

डॉक्टरीणबाईंनी पावडरताईची मान दोन्ही हातांनी नीट चाचपली. डावी, उजवी, काखा. मग पुन्हा डावी.

"किंचित काहीतरी आहे. पण एवढंसं तर तुझ्याकडे नेहमीच असतं. रक्ताचे रिपोर्टही फार वाईट नाहीत," त्या म्हणाल्या, आणि सासूबाईंकडे वळून हसल्या. "आजी, ऑपरेशननंतर सुरुवातीला थोडं जास्तच दिसतं हं."

सासूबाईंनी सुनेकडे पाहिलं. पावडरताईनं त्या वेळी नुसतं एक वाक्य बोलायला हवं होतं. नाही बोलली. उलट तीही हसली. "आमच्या आईंना ना, हल्ली धुळीचा कणही डोंगर दिसतो," असं म्हणून तिनं डॉक्टरीणबाईंच्या हसण्याला जोड दिली. सासूबाई पर्सचा बंद नीट करत राहिल्या, आणि घरी जाईपर्यंत टॅक्सीत एक अक्षर बोलल्या नाहीत. ज्या बाईला गप्प बसायची सवय नाही, तिची गप्प बसलेली पाठ बघवत नाही.

संध्याकाळी नवरा घरी आला तर दोन बायका दोन खोल्यांत. त्यानं आधी एकीचं ऐकलं, मग दुसरीचं. डोकं खाजवलं. मग जेवताना हळूच म्हणाला, "आमच्याकडेही असं होतं. लिफ्ट अडकते म्हणून फोन येतो, मी गेलो की झरझर चालते. लोकांना वेडं ठरवून मी परत येतो, आणि दुसऱ्या दिवशी कुणीतरी आत अडकतं."

"मी लिफ्ट नाही," पावडरताई म्हणाली.

"नाही ना. लिफ्ट हा येणार म्हणून गोळ्या घेत नाही," असं म्हणत सासूबाईंनी पदराआडून पावडरचा डबा काढला आणि ताटाशेजारी आदळला. झाकण उडालं, गोळ्यांच्या पट्ट्या टेबलावर पसरल्या. "पावडरच्या डब्यात पावडर सोडून सगळं! कधीपासून चाललंय हे? कुणासाठी बरी होतेस तू, त्या डॉक्टरीणबाईसाठी?"

"आई, माझा आजार मला कळतो."

"तुला भाडेकरू कळतो. पण त्याच्या आडून त्या घरात दुसरं कुणी शिरलं असेल तर? कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही, बाई! मला खोटं पाडलंस त्याचं काही नाही. पण माझे डोळे खोटे नव्हते."

पावडरताई उठली, पट्ट्या गोळा केल्या, डबा बंद केला आणि ताट तसंच टाकून झोपायला गेली. रागावली होती. चुकलेल्या माणसाला येतो तो राग, दुसरा नव्हे.

गोळ्यांचा जोर ओसरला तशी गाठ हळूहळू पुन्हा वर येऊ लागली. पावडरताईनं गळ्याशी रुमाल बांधायला सुरुवात केली. डब्याकडे हात जायचा, सासूबाई बघतायत असं वाटून मागे यायचा.

अशातच एका संध्याकाळी मुख्य बातम्या देणारा पोरगेलासा निवेदक खुर्चीत येऊन बसला. पावडरताईनं त्याचा चेहरा उजेडाकडे वळवला आणि तिचं माथंच भडकलं. पठ्ठ्या घरून रंग लावून आला होता. जाड थर, भिंतीला गिलावा करावा तसा.

"हे काय थापून आलायस?"

"ताई, म्हटलं तुमचा वेळ वाचेल."

"माझा वेळ? खरं सांग."

तो चुळबुळला. "गालावर पुळी आली होती. मी फोडली. तुम्ही ओरडला असतात म्हणून..."

"म्हणून माझ्यापासून लपवलीस! अरे, इथं दारावर काय लिहिलंय? वाच. घरून रंग लावून यायचं नाही. मी काय हौस म्हणून लिहिलंय ते? खालचं दिसल्याशिवाय वरचं काय डोंबल लावू मी? त्या पुळीत पू झाला असेल, त्यावर मी आणखी थर चढवू? मला फसवून तुझं काय भलं होणार आहे, सांग ना! मी घरी जाईन मजेत. चेहरा कुणाचा सडेल? तुझा ना? अरे, जिच्याकडे दुरुस्त व्हायला यायचं, तिच्यापासूनच..."

एवढं बोलून तिचा हात हवेतच थांबला. ओला कापूस हातात, तोंड उघडं.

"सॉरी, ताई," निवेदक म्हणाला.

"गप्प बस. तुला नाही बोलले मी."

बिचारा आरशात इकडंतिकडं पाहू लागला, की मग कुणाला? खोलीत तिसरं कुणी नव्हतं. पावडरताईनं त्याचा चेहरा स्वच्छ पुसला, पुळीवर औषध लावलं, हलक्या हातानं मेकअप केला आणि त्याला वेळेवर वर धाडलं. मग दार लोटलं, गळ्याचा रुमाल सोडला आणि तोच कापूस घेऊन स्वतःचा चेहरा पुसायला बसली. एक थर, दुसरा थर, तिसरा. बल्बांच्या त्या कडक उजेडात लाल गाल दिसले, डोळ्यांखालचे खड्डे दिसले आणि मानेवरची गाठ दिसली. सासूबाई म्हणाल्या होत्या तेवढीच होती, अंड्याएवढी. "अगं बाई," ती स्वतःशी म्हणाली, आणि तिला पहिल्यांदा खरी भीती वाटली.

पण भीती वाटली म्हणून हातपाय गाळून बसणाऱ्यातली ती नव्हती. तिथूनच तिनं डॉक्टरीणबाईंना फोन लावला आणि सगळं सांगितलं. डबा, गोळ्या, हिरवा लेप, सगळं.

"उद्या ये," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "तोंड धुऊन ये. आणि तुझ्या सासूबाईंना घेऊन ये."

दुसऱ्या दिवशी पावडरताई तशीच गेली, पावडरचा कण नाही, डोळ्यांत काजळाची रेघ नाही. रिसेप्शनवरच्या मुलीनं तिला ओळखलंच नाही. खुर्चीत बसायच्या आधी ती म्हणाली, "डॉक्टर, आधी एक सांगते. आमच्या आईंना त्या दिवशी बरोबर दिसलं होतं. खोटी मी होते, आणि वर त्यांच्यावर हसले. आई, माझं चुकलं."

सासूबाई म्हणाल्या, "ते राहू दे आता. बाई, तुम्ही मान बघा तिची."

डॉक्टरीणबाईंनी मान बघितली. मग चष्मा काढून म्हणाल्या, "आजी, मीही हसले होते. माफ करा." मग पावडरताईकडे वळल्या. "आता तू ऐक. ल्युपसमध्ये गाठी येतात, आणि बहुतेक वेळा त्या ल्युपसच्याच असतात. पण ल्युपस असलेल्या माणसांत रक्ताचे कॅन्सर इतरांपेक्षा थोडे जास्त आढळतात. त्यातही लिम्फोमा, गाठींमधल्या पेशींचा. खूप नाहीत, थोडेच. पण त्या थोड्यांत कुणीतरी असतंच ना? ताप, घाम, वजन उतरणं, दोघांचीही लक्षणं सारखीच. आणि तू घेत होतीस ती गोळी लिम्फोमाच्या गाठीलाही काही दिवस लहान करते. संपवत नाही, नुसती दडवते. तू मला पुसलेली पाटी दाखवत होतीस आणि मी छान छान म्हणत होते."

"म्हणजे कॅन्सर आहे?"

"ते गाठच सांगेल. ती काढून तपासायची. पण तुझ्या पोटात अजून जास्तीच्या गोळ्यांचा अंमल असेल तर तपासणीतही ती तोंड लपवेल. तेव्हा तुझा ठरलेला डोस तेवढाच चालू, तो अजिबात सोडायचा नाही. वरचं एक चिमूटही नाही. थोडे दिवस जाऊ देत. गाठीला नीट वर येऊ दे. आणि ताप चढला, श्वास लागला, तर तारखेची वाट न बघता तडक यायचं."

"सांधे धरतील माझे."

"धरतील. आणि त्या 'शहाणी, शहाणी'ला माझाही हातभार आहे," डॉक्टरीणबाई जरा ओशाळून म्हणाल्या. "यापुढे आजारी दिसायची तुला पूर्ण मुभा आहे."

पावडरचा डबा सासूबाईंच्या कपाटात गेला आणि किल्ली त्यांच्या पर्समध्ये. मग सुरू झालं ते जगावेगळं वाट बघणं. लोक गाठ जावी म्हणून वाट बघतात, हे घर ती यावी म्हणून बघत होतं. सासूबाई रोज सकाळी सुनेला खिडकीशी उभी करायच्या आणि मान चाचपायच्या. पावडरताईचे गुडघे कुरकुरायचे, बोटं इतकी आखडायची की ब्रश धरवत नसे, पण कामावर जायचं तिनं सोडलं नाही. लाल गाल घेऊन गेली, तशीच. संपादकानं विचारलं, "ऊन लागलं का?" ती म्हणाली, "नाही. हा माझा चेहरा. इतकी वर्षं तुम्ही पाहिला नव्हता, आता बघून घ्या." निवेदक सोडला तर दोन दिवसांनी कुणाचं लक्षही गेलं नाही. तो मात्र रोज तिच्या हातातली जड पेटी स्वतः उचलायला लागला.

आणि एका सकाळी सासूबाईंची बोटं मानेवर थांबली. गाठ टणक, भरीव, शेजारी आणखी एक धाकटी घेऊन बसलेली. कुणाही आंधळ्याला दिसावी अशी.

"आहे ना?" पावडरताईनं विचारलं. "म्हणत होतात ना तुम्ही? जिंकलात बघा."

पावडरताईनं वळून बघितलं तर सासूबाई रडत होत्या. त्या नव्याकोऱ्या डोळ्यांतून घळघळ पाणी. "नसती तर बरं झालं असतं गं," त्या म्हणाल्या. "मी खोटी पडले असते तरी चाललं असतं. माझं काय, म्हातारीचं हसं झालं असतं तर झालं असतं!"

लग्नाला इतकी वर्षं झाली, पण या बाईला मिठी मारायची वेळ पावडरताईवर कधी आली नव्हती. तिनं ती त्या दिवशी मारली, खिडकीपाशी, डोळ्यांवर ऊन येत होतं तरी.

गाठ काढली, तपासायला गेली, उत्तर आलं. लिम्फोमाच. डॉक्टरीणबाईंनी कॅन्सरच्या डॉक्टरांना शेजारी बसवून सांगितलं. वेळेत सापडलाय, फार पसरलेला नाही, या जातीवर औषधं चांगली चालतात, उपचार लांबलचक आणि त्रासाचा आहे. "बरी होणार का?" असं नवऱ्यानं विचारलं. कॅन्सरचे डॉक्टर म्हणाले, "शब्द देत नाही, पण मला उमेद भरपूर आहे." पावडरताई म्हणाली, "मलाही आहे. कधीपासून सुरू करायचं ते बोला."

आणि गंमत ऐका. त्या औषधांच्या गठ्ठ्यात काय निघालं? तीच गोळी! स्टेरॉइडची, डब्यातली. बाकीच्या औषधांबरोबर, मोजूनमापून, डॉक्टरांच्या देखत घ्यायची. आणखी एक औषध असं होतं की त्यानं नव्या पाहुण्याला चोप बसेल आणि जुन्या भाडेकरूलाही थोडी शिस्त लागेल. "एका दगडात दोन मेले तर मला हवेच आहेत," पावडरताई म्हणाली.

सोपं गेलं असं नाही म्हणणार. उलट्या झाल्या, केस गेले, तोंडाची चव गेली. मध्ये एकदा ताप आला, तेव्हा कशाचं काय असा विचार न करता तिनं सरळ फोन केला आणि दवाखान्यात भरती झाली. नोकरी कुणी पटकावली नाही. निवेदकानं सगळ्यांना दम भरून ठेवला होता की ताई येईपर्यंत आपण आपलं तोंड आपण रंगवू, आणि त्या दिवसांत त्या चॅनेलवरचे चेहरे बघण्यासारखे होते.

उपचार अर्ध्यावर आल्यावर पुन्हा तपासण्या झाल्या. डॉक्टरीणबाईंनी मान चाचपली. डावी, उजवी, काखा, पुन्हा डावी.

"काही लागत नाही," त्या म्हणाल्या, आणि लगेच चष्म्यावरून सासूबाईंकडे बघितलं. "आजी, डब्यातलं काही नाही ना?"

"किल्ली माझ्यापाशी आहे," सासूबाई म्हणाल्या. "आणि सरका जरा. मी बघते." त्यांनी स्वतः चाचपून पाहिलं, खालीवर, दोनदा, आणि मग मान डोलावली. "नाहीये. आता खरोखर नाहीये." त्यानंतर कुठं डॉक्टरीणबाईंनी कागदावर तसं लिहिलं.

बाहेर बाकावर एक मुलगी बसली होती, वीस-बावीसची, आईबरोबर. नीटनेटकी, गोरीपान, गाल कसे साईसारखे. डॉक्टरीणबाई दारात आल्या, पावडरताईच्या खांद्यावर जुन्या सवयीनं हात ठेवला आणि मुलीला म्हणाल्या, "हिच्याकडे बघ..." आणि तिथंच अडल्या. पावडरताईच्या डोक्याला फडकं, गाल लाल, भुवयांचा पत्ता नाही. काय दाखवणार?

"बघ, बघ," पावडरताई म्हणाली आणि मुलीशेजारी जाऊन बसली. "ल्युपस ना?"

मुलीनं मान हलवली.

"हिरवं थोडं जास्त झालंय, पोरी. नाकाच्या बाजूला दिसतंय. मी या धंद्यातली आहे, माझ्यापासून लपायचं नाही."

मुलीचा हात झटकन गालाकडे गेला. "डॉक्टर म्हणतात, मी फार चांगली पेशंट आहे," ती पुटपुटली.

"मलाही म्हणायच्या. त्या चांगुलपणापायी जाता जाता राहिले मी. बरं, सांग बघू. डॉक्टरकडे यायचं म्हणून गोळ्या किती जास्त घेतल्यास?"

मुलीची आई एकदम तिच्याकडे बघायला लागली. डॉक्टरीणबाई दारातच उभ्या राहिल्या, हातातला पेन तसाच. सासूबाईंनी पर्स उघडली, ओला रुमाल काढला आणि मुलीच्या मांडीवर ठेवला.

"पूस, बाळा," त्या म्हणाल्या. "इथं कुणी ओरडणार नाही. ओरडलं तर मी आहे."

मुलीनं रुमाल उचलला. आधी डावा गाल पुसला, मग उजवा. मग डॉक्टरीणबाईंकडे बघून, अगदी हळू आवाजात, तिनं खरा आकडा सांगितला.